९९ दिवसांची कैसरीन : व्हिकी आणि तिचं घर

पाणकणीस

पहिल्या महायुद्धातला टोकदार मिशांचा कैसर (म्हणजे जर्मन सम्राट) विल्हेल्म सगळ्यांना माहीत असतो. त्याची आई मात्र तळटिपेत राहते. कैसरवरच्या धाग्यात मागे विषय निघाला होता, तेव्हा लिहीन म्हणालो होतो, ते आज लिहितोय. जरा लांबलंय.

व्हिक्टोरिया, घरात व्हिकी. जन्म २१ नोव्हेंबर १८४०, बकिंगहॅम राजवाड्यात. राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांची थोरली लेक. पोर विलक्षण हुशार. पाठचा भाऊ बर्टी (पुढचा सातवा एडवर्ड) अभ्यासात यथातथाच, त्यामुळे बापाचा सगळा जीव हिच्यावर. लग्न ठरल्यावर तर अल्बर्ट रोज संध्याकाळी स्वतः तिला इतिहास आणि राजकारण शिकवायला बसायचा.

कारण अल्बर्टच्या डोक्यात एक बेत होता. जर्मनी तेव्हा एक देश नव्हताच, लहानमोठ्या राज्यांचं कडबोळं होतं. ते त्यातल्याच प्रशिया या राज्याने एक करावं, पण इंग्लंडच्या धर्तीवर: संसदेला जबाबदार मंत्रिमंडळ, वर्तमानपत्रांना मोकळीक, इंग्लंडशी दोस्ती. आणि हे घडवून आणायला आपली लेक प्रशियाच्या भावी राजाच्या घरात द्यायची. मुलगाही चांगला मिळाला. फ्रेडरिक, म्हणजे फ्रिट्झ, उंचापुरा, स्वभावाने सौम्य, तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात तिने त्याला इकडेतिकडे फिरवून दाखवलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. सप्टेंबर १८५५ मध्ये बाल्मोरलला सोयरीक ठरली, तेव्हा चौदा. राजकारणासाठी जुळवलेलं लग्न असलं तरी दोघांचं एकमेकांवर मनापासून प्रेम होतं, आणि ते शेवटपर्यंत टिकलं. त्या काळच्या राजघराण्यांत हे दुर्मीळच.

लग्न बर्लिनला व्हावं असा प्रशियाचा आग्रह होता. इंग्लंडच्या राणीच्या थोरल्या मुलीचं लग्न काही रोज रोज होत नाही, असं ठणकावून राणीने तो विषय बंद केला. २५ जानेवारी १८५८, सेंट जेम्स राजवाडा. आपल्या कॅलेंडरवर बघायचं तर सत्तावनचा उठाव अजून चालूच होता आणि लखनौ इंग्रजांनी परत घेतलेलं नव्हतं.

सतरा वर्षांची मुलगी बर्लिनला गेली आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या डोळ्यांवर आली. माझं मत इथेच सांगून टाकतो. बापाने तिला बेत दिला, पण ज्या सासरी तो पार पाडायचा तिथे वावरायचं कसं हे शिकवलं नाही, आणि तिनेही पुढच्या चाळीस वर्षांत ते मनावर घेतलं नाही. राजवाडा थंडगार, नीट न्हाणीघर नाही, हे खरंच होतं. पण ते चारचौघांत बोलून दाखवायचं आणि वर 'आमच्या इंग्लंडात असं नसतं' हे पालुपद लावायचं? दरबारात तिचं नाव 'ती इंग्लिशीण' पडलं ते कायमचं.

आधार होते ते एकेक करत गेले. १८६१ च्या डिसेंबरात अल्बर्ट वारला, ती एकवीस वर्षांची होती. पुढच्याच वर्षी सासऱ्याने, म्हणजे प्रशियाच्या राजाने, बिस्मार्कला पंतप्रधान करून सत्तेवर आणलं. १८६३ च्या जूनमध्ये बिस्मार्कने वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी केली, तेव्हा फ्रिट्झने डान्झिगला जाहीर भाषणात आपला त्याच्याशी संबंध नसल्याचं सांगून टाकलं. बाप भयंकर संतापला. मुलाने माफी मागितली, भाषण मात्र मागे घेतलं नाही. पुढे पंचवीस वर्षं नवराबायको दरबारात असून नसल्यासारखी. बिस्मार्कने यामागे तिचाच हात आहे हे पक्कं धरलं आणि तिच्याभोवती हेर पेरले.

मुलं आठ. विल्हेल्म, शार्लट, हाइनरिख, सिगिस्मुंड, मोरेटा (खरं नाव व्हिक्टोरियाच), वाल्डेमार, सोफी, आणि शेंडेफळ मार्गारेटे. पहिल्या तिघांशी तिचं कधी जुळलं नाही. ती तिघं आजीआजोबांच्या दरबारी वळणात वाढली आणि आईच्या विरोधात गेली. सिगी पावणेदोन वर्षांचा असताना १८ जून १८६६ ला मेंदूज्वराने गेला. फ्रिट्झ ऑस्ट्रियावरच्या स्वारीवर होता, लेकराच्या अंत्यविधीलाही येऊ शकला नाही, आणि पंधरा दिवसांनी केनिगग्रेट्झची लढाई जिंकून तो देशाचा नायक झाला. त्या युद्धात व्हिकीच्या सख्ख्या बहिणीचा, ॲलिसचा नवरा विरुद्ध बाजूला होता. १८७९ मध्ये अकरा वर्षांचा वाल्डेमार घटसर्पाने गेला. तिचा सगळ्यात लाडका तोच होता.

या सगळ्यात तिने कामं केली ती मात्र टिकाऊ. मुलींच्या उच्च शिक्षणाची व्हिक्टोरिया लायसियम, बायकांना नोकरीधंद्याचं शिक्षण देणारी लेटे संस्था, फ्रोबेलच्या पद्धतीच्या बालवाड्या, परिचारिकांचं प्रशिक्षण, या सगळ्यांमागे ती उभी होती. १८८० च्या सुमारास बर्लिनमध्ये ज्यूद्वेष्ट्यांचा जोर झाला, तेव्हा फ्रिट्झ फील्डमार्शलच्या पूर्ण गणवेशात सिनेगॉगमधल्या प्रार्थनेला जाऊन बसला, आणि ती बरोबर होती. मला या दोघांबद्दल सगळ्यात आदर वाटतो तो या एका गोष्टीसाठी.

मग १८८७. फ्रिट्झचा आवाज बसला. ९ मार्च १८८८ ला नव्वदीचा सासरा (१८७१ पासून एक झालेल्या जर्मनीचा सम्राट) एकदाचा गेला आणि तीस वर्षं वाट पाहिलेलं सिंहासन मिळालं ते घशाला कॅन्सर झालेल्या, गळ्यात नळी घातलेल्या, चिठ्ठ्या लिहून बोलणाऱ्या माणसाला. ९९ दिवस. १५ जूनला तो गेला. त्याच्या हातून झालेलं एकमेव ठळक राजकीय काम म्हणजे पुटकामर या कट्टर गृहमंत्र्याला घरी बसवणं, तेही मरणाच्या आठवडाभर आधी.

प्राण गेल्यावर लगेच पोटच्या पोराने, नव्या कैसर विल्हेल्मने, पॉट्सडॅमच्या राजवाड्याला सैनिकांचा वेढा घातला. कुणालाही बाहेर सोडायचं नाही, आईची टपालं अडवायची, कपाटं-टेबलं धुंडाळायची. हवी होती ती बापाची खाजगी कागदपत्रं. सापडलं काहीच नाही. आदल्याच वर्षी राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाला जाताना नवराबायकोने पेट्याच्या पेट्या भरून विंडसरला पोचवल्या होत्या!

पुढे ती स्वतःला 'कैसरीन फ्रीडरिख' म्हणवून घेऊ लागली. फ्रांकफुर्टजवळ क्रोनबर्गला तिने वाडा बांधला, १८९० च्या दशकात तिथे राहायला गेली, आणि ५ ऑगस्ट १९०१ ला तिथेच गेली. स्तनाचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. आई गेल्याला सात महिनेही झाले नव्हते.

डॉ_खडीसाखर

वाचतोय. दोन वैद्यकीय गोष्टींची भर घालतो, कारण या घराण्याच्या इतिहासात डॉक्टर मंडळींनी फार मोठ्या भूमिका केल्या आहेत.

पहिली, विल्हेल्मचा जन्म, २७ जानेवारी १८५९. मूल डोक्याऐवजी बुडाकडून येत होतं आणि हात वर, डोक्याशी गेलेले. आज सरळ सिझेरियन केलं असतं. तेव्हा सिझेरियन म्हणजे बाई जाणारच असा हिशेब होता. बर्लिनचे प्रसूतितज्ज्ञ एडुआर्ड मार्टिन यांना बोलावण्याची चिठ्ठी माणसाहाती न देता टपालात टाकली गेली, त्यामुळे ते पोचले तेव्हा बराच वेळ वाया गेला होता. बाईला क्लोरोफॉर्म, मूल निळं पडलेलं, घाईघाईत डावा हात खाली ओढून काढावा लागला. मूल जगलं. हात हलत नाही हे तीन दिवसांनी लक्षात आलं. खांद्याशी हाताच्या नसांचा जो जुडगा असतो, तो फाटला होता. मोठेपणी तो हात दुसऱ्यापेक्षा सुमारे १५ सेंटिमीटर आखूड राहिला. मार्टिनना शिव्या देणं सोपं आहे. त्या खोलीत आई आणि मूल दोघंही वाचली, हेच त्या काळात नवल.

दुसरी, फ्रिट्झचा घसा. २१ मे १८८७ ला जर्मन सर्जन बेर्गमान बाहेरून स्वरयंत्र उघडून गाठ काढणार होते, तयारी झाली होती. आदल्या दिवशी लंडनचे घशाचे डॉक्टर मॉरेल मॅकेन्झी आले आणि म्हणाले, आधी तुकडा तपासा. तपासणारे कोण, तर साक्षात रुडॉल्फ विर्शो, त्या काळचे सगळ्यात नावाजलेले पॅथॉलॉजिस्ट. त्यांना कॅन्सर दिसला नाही. शस्त्रक्रिया रद्द. नोव्हेंबरात इटलीत सान रेमोला कॅन्सर उघड झाला, आणि फेब्रुवारीत श्वास कोंडल्यावर गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागली. नंतर जर्मन डॉक्टर आणि मॅकेन्झी जाहीरपणे एकमेकांवर तुटून पडले, आणि खापर फुटलं व्हिकीवर, 'इंग्लिश डॉक्टर आणून नवऱ्याला मारलं' म्हणून. मॅकेन्झीला बोलवायला जर्मन डॉक्टरांचीच संमती होती, हे सोयीस्करपणे विसरलं गेलं. आणि बेर्गमानची ती शस्त्रक्रिया त्या काळात कितपत झेपली असती, याची मला शंकाच आहे.

रिकामटेकडी

लेख आवडला, पण आईच्या बाजूने जरा जास्तच झुकलाय. 'पोटच्या पोराने वेढा घातला' हे खरं, पण त्या पोराचं बालपण बघा की. हाताला जीव यावा म्हणून नुकत्याच मारलेल्या सशाच्या ऊबदार शरीरात हात घालून ठेवायचे. उजवा हात अंगाला बांधून टाकायचे, म्हणजे डावा वापरेल. विजेचे झटके. मान एका बाजूला वळायची म्हणून पट्टे-स्क्रूंचं यंत्र. तोल सांभाळता येत नसताना हिन्झपेटर मास्तर त्याला घोड्यावर बसवायचा, पडला की पुन्हा, रडला तरी पुन्हा. आणि आई काय करत होती? हात बघून आपल्याला किती दुःख होतं हे इंग्लंडला लिहीत होती. मुलाला कळत नसेल का, की आपण आईच्या नजरेत उणे आहोत?

पाणकणीस

@रिकामटेकडी, मुद्दा मान्य. पण सशाचा उपाय डॉक्टरांचा होता, तिला स्वतःला ते सगळं बघवत नसे. तिची चूक मला वेगळ्या ठिकाणी दिसते. मुलगा सामान्य बुद्धीचा नव्हता, चांगला चलाख होता, तरी तिला त्याच्यात दुसरा अल्बर्ट हवा होता. त्याने चुका असलेली पत्रं पाठवली की ती दुरुस्त करून परत पाठवायची! पहिल्या तिघांबाबत हेच. धाकट्या तिघी मुलींशी ती एकदम वेगळी वागली, आणि त्या शेवटपर्यंत तिच्या राहिल्या.

लकडीपूल

अवांतर, पण पुण्याशी थेट संबंध आहे म्हणून लिहिते.

व्हिकीचा सख्खा धाकटा भाऊ प्रिन्स आर्थर, म्हणजे आपला ड्यूक ऑफ कॅनॉट. १८८६ ते १८९० तो मुंबई इलाख्याच्या लष्कराचा सरसेनापती होता. हरी रावजी चिपळूणकरांनी त्याच्यासाठी पुण्यात समारंभ केला, आणि जोतीराव फुले तिथे शेतकऱ्याच्या वेशात जाऊन उभे राहिले, इथे जमलेले हे नटलेथटलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे असं त्याला तोंडावर सुनावलं, तो प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. त्याची तारीख २ मार्च १८८८. म्हणजे त्या दिवशी व्हिकी सान रेमोला आजारी नवऱ्याच्या उशाशी होती, आणि बरोब्बर सात दिवसांनी ती जर्मनीची सम्राज्ञी झाली. आर्थरची बायको लुईझ मार्गारेट हीसुद्धा प्रशियाची राजकन्या, फ्रिट्झच्या चुलतभावाची मुलगी. जोतीरावांनी निरोप दिला तो राणीच्या मुलाला, हे आपण शाळेत वाचतो, पण हे घर किती दूरवर पसरलं होतं ते या तारखा शेजारी ठेवल्या की दिसतं.

पाणकणीस

@लकडीपूल, क्या बात है! ही सांगड माझ्या डोक्यातच आली नव्हती.

आजोळ

एक प्रश्न. राणी व्हिक्टोरियाकडून रक्त न गोठण्याचा आजार सगळीकडे गेला म्हणतात, रशियाच्या युवराजापर्यंत. तो व्हिकीच्या मुलांत होता का?

डॉ_खडीसाखर

@आजोळ, तिच्या कोणत्याही मुलात दिसला नाही. तो पुढे गेला ॲलिस आणि बिॲट्रिस या तिच्या बहिणींकडून, आणि भाऊ लिओपोल्डला स्वतःला होता. पण घरात शिरला तो सुनेच्या वाटेने. हाइनरिखने लग्न केलं ॲलिसच्या मुलीशी, आयरीनशी, म्हणजे सख्ख्या मावसबहिणीशी. लग्न झालं २४ मे १८८८ ला शार्लटनबुर्गला, मरणाच्या दारातला फ्रिट्झ उठून हजर राहिला. त्यांच्या तीन मुलांपैकी दोघांना हा आजार. धाकटा हाइनरिख चार वर्षांचा असताना पडण्याचं निमित्त होऊन १९०४ मध्ये गेला. थोरला वाल्डेमार मे १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता, रक्त मिळालं नाही म्हणून.

बखरवाला

'फ्रिट्झ जगला असता तर पहिलं महायुद्ध झालं नसतं' असं कुणी म्हणायच्या आत माझा विरोध नोंदवून ठेवतो. फ्रिट्झ उदारमतवादी होता म्हणजे आजच्या अर्थाने लोकशाहीवादी होता असं नाही. सम्राटपदाचा थाट त्याला मनापासून आवडायचा, १८७१ मध्ये सम्राट ही पदवी हवी म्हणून सर्वांत हट्ट त्याचाच होता, बापाला तर ती नकोशीच होती. शिवाय ९९ दिवसांत बिस्मार्कला त्याने हात लावला नाही. धडधाकट असता तरी लावला असता याचा पुरावा काय? बिस्मार्कला काढलं ते मुलाने, १८९० मध्ये.

आणि व्हिकीने त्या मोजक्या दिवसांत कशासाठी जोर लावला, तर मोरेटाचं लग्न बल्गेरियातून हाकललेल्या बाटेनबर्गच्या अलेक्झांडरशी व्हावं म्हणून. रशियाचा झार त्याचा द्वेष करायचा, बिस्मार्कने राजीनाम्याची धमकी दिली. राणी व्हिक्टोरिया एप्रिलमध्ये स्वतः बर्लिनला आली, जावयाला शेवटचं भेटली, आणि मुलीलाच समजावून गेली की हे सोड. आईला जे कळत होतं ते हिला कळत नव्हतं.

हंसध्वनी

@बखरवाला, लग्नाचं बरोबर, पण राजकारण तेवढंच नसतं हो. बालवाड्या, परिचारिका, मुलींचं शिक्षण हे तिचं राजकारणच होतं, आणि त्याला बिस्मार्क हात लावू शकला नाही.

सुनेबद्दल कुणीच काही लिहिलं नाही? विल्हेल्मची बायको ऑगस्टा व्हिक्टोरिया, 'डोना', ही व्हिकीनेच निवडून आणली होती. तिच्या बापाची श्लेस्विग-होल्श्टाइनची गादी बिस्मार्कने गिळली होती, आणि हा बाप फ्रिट्झचा जुना मित्र. बर्लिनच्या खानदानी मंडळींना ती तोलामोलाची वाटत नव्हती. व्हिकीने तिची बाजू लावून धरली, १८८१ मध्ये लग्न झालं, आणि सून नवऱ्याच्या बाजूने गेली ती गेलीच. इंग्लंडचा तिटकारा, कडवा प्रोटेस्टंटपणा. सोफीने ग्रीसच्या युवराजाशी लग्न करून ऑर्थोडॉक्स पंथ घ्यायचं ठरवलं, तेव्हा डोनाने तिला चांगलंच फैलावर घेतलं, आणि विल्हेल्मने बहिणीला तीन वर्षं जर्मनीत यायला बंदी केली. नातवंडं आजीकडे फार फिरकायची नाहीत ती तिच्याचमुळे.

मायनकाठ

फ्रांकफुर्टला राहतो, क्रोनबर्ग इथून लोकल ट्रेनने अगदी जवळ. तो वाडा म्हणजे फ्रीडरिखसहोफ. आता तिथे महागडं हॉटेल आहे आणि बागेच्या भागात गोल्फचं मैदान. आतल्या पुस्तकांच्या खोलीपेक्षा मला दरवाजा लक्षात राहिला. वर लॅटिनमध्ये 'फ्रीडेरीची मेमोरिए' कोरलंय, फ्रीडरिखच्या स्मरणार्थ. स्वतःचं नाव कुठे ठळक दिसत नाही. बाकी इमारत अर्धी इंग्लिश ग्रामीण वाड्यासारखी, अर्धी जर्मन, लाकडी पट्ट्यांच्या भिंती आणि उंच छपरं.

व्हिकीच्या पत्रांची एक गोष्ट इथलीच. फेब्रुवारी १९०१ मध्ये नवा राजा एडवर्ड आजारी बहिणीला भेटायला आला, बरोबर सहायक खाजगी चिटणीस फ्रेडरिक पॉन्सनबी, जो व्हिकीचा धर्मपुत्र होता. विल्हेल्मही वाड्यात मुक्कामाला. तिने पॉन्सनबीला एकट्याला बोलावून सांगितलं, माझी आईला लिहिलेली पत्रं इंग्लंडला घेऊन जा, विलीला कळता कामा नये. त्याला वाटलं छोटंसं पुडकं असेल. रात्री एकला चार माणसं दोन भल्यामोठ्या पेट्या घेऊन दारात! त्याने एकीवर 'चिनी मातीची भांडी, जपून' आणि दुसरीवर 'पुस्तकं, जपून' असं लिहिलं आणि सकाळी सामानाबरोबर सगळ्यांच्या देखत बाहेर काढल्या. १९२८ मध्ये त्याने त्यातली पत्रं छापली. हॉलंडात परागंदा असलेल्या कैसरने ती थांबवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा जर्मन आवृत्तीला स्वतःच प्रस्तावना लिहिली.

रिकामटेकडी

दोनदा कागद बाहेर काढले, आणि दोन्ही वेळा विलीच्या नाकाखालून! मघाशी त्याची कणव येत होती, आता हसू येतंय. :)

आजोळ

वाडा नंतर कुणाकडे गेला?

मायनकाठ

@आजोळ, धाकटी मार्गारेटे, तिच्याकडे. तिचा नवरा हेसेचा फ्रीडरिख कार्ल, १९१८ मध्ये त्याला फिनलंडचा राजा निवडलं होतं, पण गादीवर बसायच्या आतच जर्मनी युद्ध हरली. सहा मुलगे, त्यात जुळ्यांच्या दोन जोड्या. थोरले दोघं पहिल्या महायुद्धात गेले. फिलिप आणि क्रिस्टोफ नाझी पक्षात शिरले. फिलिपची बायको माफाल्डा ही इटलीच्या राजाची मुलगी, तरी तिला बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकलं आणि ती तिथेच १९४४ मध्ये मेली. आजोबा गणवेशात सिनेगॉगला गेलेले, आणि नातू त्या पक्षात.

१९४५ मध्ये अमेरिकन सैन्याने वाडा ताब्यात घेऊन अधिकाऱ्यांचा क्लब केला. घरच्यांनी दागिने तळघरात पुरून वर सिमेंट केलं होतं. क्लब सांभाळणाऱ्या कॅप्टन कॅथलीन नॅशला आणि तिच्या साथीदारांना ते सापडले. त्यांनी खडे कोंदणातून काढून विकले, काही टपालाने अमेरिकेत धाडले. १९४६ मध्ये नातवाच्या विधवेचं, म्हणजे इंग्लंडच्या प्रिन्स फिलिपच्या बहिणीचं दुसरं लग्न ठरलं, तिला घालायला म्हणून दागिने काढायला गेले तेव्हा चोरी उघडकीला आली. कॅथलीन नॅश, कर्नल डुरांट आणि मेजर वॉटसन या तिघांवर लष्करी खटला होऊन शिक्षा झाल्या. चोरीच्या मालात राणी व्हिक्टोरियाने व्हिकीला लिहिलेल्या पत्रांचे नऊ बांधीव खंडही होते.

पाणकणीस

@मायनकाठ, तो नातू म्हणजे क्रिस्टोफ, १९४३ मध्ये इटलीत विमान कोसळून गेला तो. म्हणजे विधवा व्हिकीची नातसून.

@हंसध्वनी, डोनावर वेगळा धागा तुम्हीच काढा. तिचा धाकटा मुलगा योआखिमची १९२० मधली आत्महत्या, पुढच्या वर्षी हॉलंडात तिचा मृत्यू, आणि शवपेटी पॉट्सडॅमला जाताना सरहद्दीपलीकडे पाऊल टाकायची मनाई असलेला नवरा, एवढं एका प्रतिसादात मावणार नाही.